गोल झाकणाचे सहा स्क्रू

होडी चिखलीच्या शेडमध्ये आली तेव्हा मला कंपनी सोडून चार महिने झाले होते. शेड माझ्या आयटीआयमधल्या मित्राची. फायबरच्या पाण्याच्या टाक्या, बसच्या आतले पॅनल, गणपतीच्या आधी मंडपाचे खांब, असं जे काम मिळेल ते तो करतो. मावळात एका धरणाच्या कडेला एक निवृत्त शिक्षक शिडाची होडी चालवायला शिकवतात. ही त्यांची. फायबरची, दोन माणसं बसतील एवढी. त्यांच्याकडे येण्याआधी बरीच वर्षं ती समुद्रावर होती. तळाचे तडे मित्र बुजवणार होता, पण त्याआधी डोलकाठी, सुकाणू, कड्या, पट्ट्या सगळं सुटं करायला हवं होतं आणि एकही स्क्रू जागचा हलत नव्हता.

मित्राचा फोन आला. "घरी बसूनच आहेस ना? ये की राव. आम्हाला फायबरचं रेझिन आणि मॅट कळतं. हे नट-बोल्टचं काम आमच्या लोकांना दिलं तर होडी फोडून ठेवतील."

मी चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे मशीनने पत्रा दाबून गाड्यांचे भाग बनवतात तिथे, बावीस वर्षं मेंटेनन्स बघितलं, शेवटची आठ वर्षं सुपरवायझर म्हणून. होडी कधी जवळून पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी हत्यारांची पेटी घेऊन गेलो.

पहिले दोन आठवडे बरे गेले. ॲल्युमिनियमच्या डोलकाठीत बसवलेले स्टीलचे स्क्रू खाऱ्या पाण्याने असे धरून बसले होते की जणू एकाच धातूचे ओतलेत. संध्याकाळी निघताना मी प्रत्येकावर गंज सोडवायचं तेल सोडायचो. सकाळी आलो की आधी स्क्रूच्या डोक्यातली खाच टोकदार सुईने साफ करायची, स्क्रू ड्रायव्हर नीट बसवून वरून हातोडीचे दोन-तीन ठोके द्यायचे, आणि मग सोडवायच्या आधी तो किंचित आवळायचा. आवळताना जरासा कुरकुरला की समजायचं, आता हा येणार. दिवसाला कधी चार निघत, कधी एकच. शेडमध्ये मला कोणी काही विचारत नव्हतं. रेझिनच्या वासाने डोकं जड व्हायचं, तरी घरी जायची घाई नसायची.

घरी बायको माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. जेवायला वाढलंय. गॅस बुक करा. बस, एवढंच.

त्याचं कारण सांगायला हवं. आमच्या शॉपमध्ये एका ऑपरेटरचा उजवा हात प्रेसमध्ये सापडला होता. माणूस लातूरकडचा, पस्तिशीचा, कंत्राटी. दोन बोटं गेली आणि तिसरं कायमचं ताठ झालं. कारण कागदावर असं आलं की त्याने नियम मोडून हात आत घातला. त्यामुळे भरपाई द्यायला कंपनीने नकार दिला. त्याला कामावरूनही कमी केलं. महिन्याभराने त्याची बायको आमच्या दारात आली. निगडीतली आमची बिल्डिंग तिने कशी शोधली कोण जाणे. आत बसायलाही तयार नव्हती.

"साहेब, हात आत गेला की मशीन थांबवनारं सेन्सर बंद व्हतं म्हनत्यात समदे," ती म्हणाली. "तुमाला ठाव आसंल. तेवढं लिहून द्या. दुसरं काय बी नको."

मी म्हणालो, "मला याबद्दल काही माहीत नाही, ताई."

माझी बायको पाण्याचा ग्लास घेऊन मागे उभी होती. ती बाई पाणी न पिता जिना उतरून गेली. बायकोने विचारलं, "खरंच माहीत नाही?"

"तू यात पडू नकोस," मी म्हणालो.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी मी राजीनामा दिला. कोणाला कारण सांगितलं नाही, तिलाही नाही. तिनेही विचारलं नाही.

तर होडीचं काम. बाकी सगळं सुटलं आणि शेवटी अडलं ते एका जागी. डोलकाठीला बाजूने ताणून धरणाऱ्या वायर ज्या पोलादी पट्टीला बांधतात, ती पट्टी होडीच्या कडेला चार बोल्टांनी आवळलेली होती. बाहेरून बोल्ट फिरवला की आतला नट त्याच्याबरोबर फिरायचा. आत म्हणजे होडीच्या दुहेरी भिंतींमधल्या बंद पोकळीत. तिथे पोचायला एकच वाट होती, बसायच्या फळीखाली असलेलं प्लास्टिकचं गोल झाकण. झाकण काढलं की तळहाताएवढं भोक. त्या भोकाला प्लास्टिकचीच जाड रिंग होती, फायबरवर सहा स्क्रूंनी बसवलेली. माझा हात मनगटाच्या पुढे जात नव्हता. मित्राचा तर मनगटापर्यंतही नाही.

बायको चाकणलाच वायरिंग हार्नेसच्या कंपनीत बारा वर्षं लाइनवर आहे. गाड्यांच्या वायरींच्या जुड्या बांधणं, बारीक कनेक्टर दाबणं, हे तिचं काम. हात लहान आणि बोटं न बघता काम करणारी. बुधवारी जेवताना मी म्हटलं, "उद्या तुला सुट्टी आहे. शेडवर येशील का? आतला नट कोणीतरी धरायला हवा. माझा हात जात नाही."

तिने माझ्या हाताकडे पाहिलं. "येते," म्हणाली.

गुरुवारी आमच्याकडच्या कारखान्यांची सुट्टी असते, वीजही बंद असते. मित्र रेझिन आणायला भोसरीला गेला होता. आजूबाजूच्या शेडही बंद होत्या. तिने बांगड्या काढून पर्समध्ये ठेवल्या, बाही दंडापर्यंत वर सारली आणि होडीत गुडघ्यांवर बसून हात आत घातला. अंगठा दुमडून, खांदा तिरका करून, कोपराच्याही पुढे. मी तिच्या बोटांत नट धरायचा पाना दिला.

"सापडला," ती म्हणाली. "खूप खडबडीत आहे. बसला पाना."

मी बाहेरून बोल्ट फिरवला. पहिला नट थोडा कुरकुर करून सुटला. दुसराही. तिसऱ्याला वेळ लागला. आम्ही एकमेकांना दिसत नव्हतो, मध्ये होडीची भिंत होती. "धर." "धरलाय." "आता." "थांबा." कित्येक महिन्यांत आम्ही इतके शब्द बोललो नव्हतो.

चौथा नट सगळ्यात मागे होता. त्याच्यापर्यंत पोचायला तिला आतमध्ये कोपर वाकवावं लागलं. मी बोल्टवर जोर लावला, काही होईना. अजून जोर लावला. कट असा आवाज आला, नट एकदम सुटला आणि आतला पाना झटक्याने फिरला. ती ओरडली. मी धावत पलीकडे गेलो.

तिच्या हाताला हिसका बसून भोकाची प्लास्टिकची रिंग तडकली होती. तुटलेलं टोक आतल्या बाजूला वळून कोपराच्या मागे मांसात घुसलं होतं. हात बाहेर ओढला की टोक आणखी आत जायचं. रक्त फायबरवरून खाली ओघळत होतं.

"ओढू नकोस," मी म्हणालो. "हलूच नकोस. मी अग्निशमन दलाला फोन करतो."

"ते काय करतील?"

"कापतील."

"मशीनने?"

मी खिशातून फोन काढला.

"मग नको," ती म्हणाली. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज स्थिर होता. "तुम्हीच काढा."

करवतीचं पातं मांस आणि प्लास्टिकच्या मध्ये जाणार नव्हतं. वीज असती तरी ग्राइंडर मी तिच्या हाताजवळ आणला नसता. रिंग उचलायची तर तिचे सहा स्क्रू काढायला हवेत, हाच एक उपाय होता. आणि हे सहा स्क्रू मी सोडून दिले होते. रिंग काढायची गरजच नव्हती, म्हणून त्यांना तेलसुद्धा लावलं नव्हतं.

मी तिच्या मानेखाली फोमचा तुकडा दिला, पाणी पाजलं आणि तिच्या शेजारी होडीत आडवा झालो. खाचा साफ केल्या. पहिल्या स्क्रूवर हातोडीचा हलका ठोका मारला तशी ती कळवळली. ठोका थेट तिच्या कोपरात जात होता.

"मारू नको?"

"मारा. सांगून मारा."

मग मी प्रत्येक ठोक्याआधी "मारतोय" म्हणायला लागलो. पहिला स्क्रू निघाला. दुसरा आधी आवळला, मग सोडवला, तोही निघाला. दंड सुजत चालला होता, बोटांना मुंग्या येताहेत म्हणाली. मी तिसऱ्यावर स्क्रू ड्रायव्हर बसवला.

"त्याचा हात किती वेळ होता आत?" तिने विचारलं.

कोणाचा, हे मला विचारावं लागलं नाही.

"दहा-बारा मिनिटं," मी म्हणालो. "प्रेस खाली येऊन अडकला होता. मोटर बंद पडली होती. मोठ्या चाकाला पहार लावून आम्ही तिघांनी उलटं ओढलं, तेव्हा वर आला."

"तो काय बोलत होता?"

"काही नाही. नुसता माझ्याकडे बघत होता."

तिसरा स्क्रू फिरायला लागला. मी तो बोटांनी काढून बाजूला ठेवला.

"सेन्सर बंद होता का?"

मी चौथ्यावर तेल सोडलं. ते मुरायला जेवढा वेळ द्यायला हवा तेवढा आमच्याकडे नव्हता. ती म्हणाली, "तुम्ही सांगितलं नाहीत तरी मी इथून कुठे जाणार नाहीये. माझा हात तुमच्या हातात आहे."

"बंद होता," मी म्हणालो.

"कोणी केला?"

हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. चार दिवस आधीपासून तो सेन्सर उगाचच प्रेस थांबवत होता. नवा यायला वेळ होता, माल अडला होता, वरचे साहेब दर तासाला खाली येऊन उभे राहत. शेवटी ते म्हणाले, "बायपास कर ना यार, दोन दिवसांचा प्रश्न आहे." मी पॅनल उघडून वायरचा बोटभर तुकडा लावला आणि सेन्सर निकामी केला. लावताना मनात आलं होतं की हे चुकतंय. ऑपरेटरला सांगायला हवं, हेही मनात आलं होतं. त्याची शिफ्ट सुरू झाली तेव्हा मी जेवायला गेलो होतो.

"मी केला," मी म्हणालो. "वायर मीच लावली होती."

मी चौथ्यावर स्क्रू ड्रायव्हर बसवला.

"आणि त्याला स्ट्रेचरवरून बाहेर नेत होते तेव्हा मीच काढली. फॅक्टरी इन्स्पेक्टर यायच्या आधी. अपघाताच्या फॉर्ममध्ये कारणही मीच लिहिलंय. माझ्या अक्षरात आहे."

माझा हात थांबला होता. मला वाटलं ती रडेल, किंवा शिव्या देईल. ती म्हणाली, "थांबलात का? काम चालू ठेवा."

चौथा निघाला. पाचव्याचं डोकं घासून गोल झालं होतं. त्यात स्क्रू ड्रायव्हर बसेना. मी हॅक्सॉचं सुटं पातं घेऊन त्याच्या डोक्यावर नवी आडवी खाच पाडली. पातं अगदी हळू, एकेकदा घासत चालवत होतो, कारण पलीकडे तिचा दंड होता. खाच पडली, स्क्रू सुटला. सहावा मात्र कशालाच दाद देईना. खाच पाडायला गेलो तर कडच तुटून आली. मित्राच्या भिंतीवर हाताने फिरवायचं जुनं ड्रिल टांगलेलं होतं. मी तिच्या दंडाच्या आणि स्क्रूच्या मध्ये पत्र्याची पट्टी सरकवली.

"हे घसरलं तर तुला लागेल," मी म्हणालो.

"बघून करा."

मी हळूहळू मूठ फिरवत राहिलो. स्टीलची बारीक साल निघत होती. घाम डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. ती डोळे मिटून होती. ओठ हलत होते. फेरे मोजत होती की देवाचं नाव घेत होती, मी नंतरही विचारलं नाही. शेवटी स्क्रूचं डोकं सुटून पडलं. मी रिंग दोन बोटांनी उचलली, तुटलेलं टोक मांसातून बाहेर काढलं आणि रिंग तिच्या दंडावरून वर सरकवली. मग साबणाचं पाणी ओतून हात बाहेर घेतला. कोपराच्या वर निळा-जांभळा पट्टा उमटला होता. बोटं हलत होती. मी ती एकेक करून हलवून पाहिली.

"पुरे," ती म्हणाली आणि हात काढून घेतला.

रिक्षाने जवळच्या दवाखान्यात गेलो. सहा टाके पडले. डॉक्टरांनी विचारलं, "हे कशाने झालं?" तिने माझ्याकडे बोट केलं. "ते सांगतील."

मी सांगितलं. मी जास्त जोर लावला, असं सांगितलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं.

मला वाटलं होतं, घरी गेल्यावर ती तो विषय काढेल. तिने काढला नाही. आठवडाभर रजा घेऊन घरी राहिली, डाव्या हाताने पोळ्या लाटायचा प्रयत्न करायची, मी लाटू का विचारलं तर लाटणं पुढे सरकवायची. मी शेडवर जाऊन होडी पुरी केली. पट्टीला नवे बोल्ट लावले, भोकाला नवी रिंग बसवली. शिक्षक टेम्पो घेऊन आले आणि होडी घेऊन गेले. आता उद्यापासून करायला काही नव्हतं आणि टाळायलाही निमित्त नव्हतं. तरी मी अजून चार दिवस काढले. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. लिहून दिलं तर मीही त्यात अडकणार, हे मला पक्कं माहीत होतं.

शेवटी एका सकाळी कुरुळीला गेलो. चाळीत त्या ऑपरेटरची खोली सापडली. तो दारातच बसला होता, डाव्या हाताने लसूण सोलत होता. मला पाहून उठला नाही.

"आता कामून आलाव साहेब?" त्याने विचारलं.

"लिहून द्यायला आलोय. सेन्सर बंद होता. वायर मी लावली होती."

त्याने सोललेली पाकळी ताटलीत टाकली. "मला ठाव हाय," म्हणाला. "तुमी काढताना म्या बघितली व्हती. स्ट्रेचरवरनं."

मला हे माहीत नव्हतं. इतके महिने त्याला ते माहीत होतं, आणि माझ्या तोंडून निघाल्याशिवाय त्याच्या सांगण्याला कोणी किंमत देणार नाही हेही त्याला माहीत होतं. त्याची बायको आतून आली. तिने मला बसायला सांगितलं नाही. तिच्या वकिलाचा पत्ता तेवढा लिहून दिला.

मी वकिलाकडे जाऊन सगळं लिहून दिलं. पुढे वर्षभर केस चालली. कंपनीने सांगितलं की मी नोकरी सुटल्याच्या रागातून बोलतोय. माझ्याबरोबर पहार ओढणारे दोघेही म्हणाले, आम्हाला सेन्सरचं काही माहीत नाही. त्यातला एक तळवड्यात राहतो; भाजी घेताना दिसला की रस्ता बदलतो. उलटतपासणीत कंपनीच्या वकिलाने मला विचारलं, "म्हणजे तेव्हा तुम्ही खोटं लिहिलंत, की आज खोटं बोलताय?"

"तेव्हा," मी म्हणालो.

"मग इतके महिने गप्प का होतात?"

तो दोन वेळा म्हणाला, "बोला, बोला ना." मी कठड्याला धरून उभा राहिलो. माझी बायको मागच्या बाकावर होती. ती त्या दिवशी रजा काढून आली होती, पण बसली होती ती लातूरवाल्याच्या बायकोशेजारी.

निकाल त्याच्या बाजूने लागला. माझ्याबद्दलही त्यात चार ओळी आहेत आणि त्या चांगल्या नाहीत. वरच्या साहेबांचं नाव कुठेच आलं नाही. त्यांचा हुकूम तोंडी होता, तो कागदावर आणायला माझ्याकडे काही नव्हतं. मला नंतर कुठल्याच कंपनीने घेतलं नाही. सध्या मोशीत एका सोसायटीच्या पंप आणि लिफ्टची देखभाल करतो.

तो माणूस बायको-मुलांना घेऊन गावी गेला. जाताना मला भेटला नाही. भेटावं असं काही कारणही नव्हतं. गेल्या महिन्यात त्याच्या बायकोचा फोन आला, माझ्या बायकोच्या मोबाइलवर. त्या दोघी अधूनमधून बोलतात हे मला तेव्हा कळलं. अर्धा तास तरी बोलत होत्या. त्याने गावात पिठाची गिरणी घेतलीय, थोरली मुलगी दहावीला आहे, असं काहीबाही माझ्या कानावर पडत होतं. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"तुमच्याबद्दल काही नाही," ती म्हणाली आणि ताटं घ्यायला उठली.